पाणी नव्हतं

"पोर नाय आली," होडीचा दोर खुंट्याला गुंडाळत भिकूदादांनी सांगितलं आणि सदऱ्याच्या खिशातली चिठ्ठी माझ्या हातात दिली.

वहीचा फाडलेला कागद, चार घड्या घातलेला. मी तो लगेच उघडला नाही. आधी धक्क्याच्या शेवटच्या पायरीशी रोवलेल्या पट्टीकडे पाहिलं. सेंटिमीटरच्या खुणा असलेली ती काळी-पांढरी पट्टी आमच्या सागरी संशोधन केंद्राची होती. दिवसातून तीनदा ती वाचून वहीत आकडा लिहायचा, हे माझंच काम. दहा वाजून वीस मिनिटं. एक मीटर ऐंशी. खाडी भरत होती.

मग चिठ्ठी उघडली. "पाणी नव्हतं. केतकी येऊ शकली नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. – सुहास."

"भिकूदादा, आत्ता पलीकडच्या धक्क्याला होडी नीट लागली होती ना?"

"लागली की."

"मग पाणी नव्हतं असं कसं लिहिलंय?"

त्यांनी होडीच्या तळातलं पाणी डबड्याने उपसायला घेतलं. "माजा काम व्हडी हाकायचां, बाय. चिठ्ठीत काय ता मला काय म्हाईत."

मी क्वार्टरवर परत आले. घावनांसाठी पीठ भिजवून ठेवलं होतं, नारळाचं दूध काढून झालं होतं. तव्यावर एकच घावन घातलं, उभ्यानेच खाल्लं आणि उरलेल्या पिठाचं भांडं झाकून ठेवलं. मग वही काढली. जानेवारीचा चौथा रविवार. भेट क्रमांक बावीस. झाली नाही.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. केतकी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती पलीकडच्या गावी सुहासजवळ, आजीजवळ राहायची. सुहास तिथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा. आम्ही भांडून वेगळे झालो नव्हतो. पीएच. डी.साठी मी दोन वर्षं गोव्याला होते. परत आले तेव्हा त्या घरात माझ्या जागेवर काहीच नव्हतं, आणि तरी कुणाचं काही अडत नव्हतं. केतकीची शाळा, मैत्रिणी, आजी सगळं तिकडे, म्हणून कोर्टाने ताबा सुहासकडे ठेवला. मला भेटी मिळाल्या. दर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, 'अर्जदाराच्या निवासस्थानी'.

आदेश घड्याळाचा होता, खाडी घड्याळाची नव्हती. पलीकडच्या धक्क्यासमोर गाळ साचलेला. आमच्या पट्टीवर सव्वा मीटरच्या वर पाणी असलं, तरच होडी तिथे लागायची. षष्ठी-सप्तमीच्या सुमाराला सकाळी दहाला सुकती, म्हणजे पुरी ओहोटी, असे आणि पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाचला. रस्त्याने यायचं तर तालुक्यावरून वळसा, दोन एस.टी. आणि अडीच तास. त्यामुळे काही भेटी पाण्याने बुडणार हे मी धरूनच चालले होते. पण बावीस भेटींपैकी आठ झाल्या नव्हत्या. या आठांपैकी तीन दिवशी पाणी खरंच नव्हतं. उरलेल्या पाच दिवशी ते होतं. पाचही दिवसांचे आकडे माझ्या हातचे होते.

क्वार्टरच्या दुसऱ्या खोलीत मी तिच्यासाठी पलंग आणला होता. निळी मच्छरदाणी, खिडकीशी टेबल, टेबलावर केंद्रातून मागून आणलेला जुना सूक्ष्मदर्शक. त्या पलंगावर कुणी कधी झोपलं नव्हतं. आदेशात रात्र नव्हती. महिन्यातून एक शनिवार ती तिथे झोपावी आणि सकाळी उठून केस विस्कटलेली स्वयंपाकघरात यावी, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी आदेश बदलून घ्यायला हवा होता.

देवस्थळी वकिलांनी माझा तक्ता चष्मा वर-खाली करत दोनदा वाचला.

"हे आकडे सरकारी वहीतले?"

"हो. दिवसाला तीन नोंदी. वेळेसकट."

"आणि चिठ्ठ्या? सगळ्या जपून ठेवल्यात?"

"आठ. तारखेनुसार लावल्यात."

एकेक चिठ्ठी ते पत्ते पिसल्यासारखी टेबलावर टाकत गेले. "'पाणी नव्हतं.' 'पाणी नव्हतं.' आणि वर काय, 'वाईट वाटून घेऊ नकोस'! म्हणजे पोर पाठवायची नाही ती नाहीच, वर मीठ चोळायचं." त्यांना आनंद लपवता येत नव्हता. "बाई, चाळीस वर्षं वकिली केली. साक्षीदार फिरलेले पाहिले, पंच फिरलेले पाहिले. तुमची खाडी काही फिरायची नाही."

खाडी दिवसातून चारदा फिरते, असं मला म्हणावंसं वाटलं.

अर्जात आम्ही लिहिलं: मुलगी शनिवारी संध्याकाळी रस्त्याने आणून सोडावी आणि रविवारी संध्याकाळी न्यावी, म्हणजे पाण्याची सबबच उरणार नाही. बुडालेले दिवस मे महिन्याच्या सुट्टीत भरून द्यावेत. सोबत माझा तक्ता. शेवटच्या रकान्याचं शीर्षक मी दिलं होतं: 'प्रतिवादीचे विधान व प्रत्यक्ष पातळी यांतील विसंगती'.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी केतकी आली. तो दिवस मला तासातासाने आठवतो. तिने सूक्ष्मदर्शकाखाली शिंपल्यातल्या कालवाच्या पिल्लाचं हृदय हलताना पाहिलं.

"हे असं सारखंच हलत राहतं?"

"हो."

"दमत नाही?"

"नाही. त्याला दमायला सवड नसते."

"मग बिचाऱ्याला कुणीतरी थांब म्हणायला पाहिजे," ती म्हणाली आणि घावन खायला पळाली.

पाचला मी तिला धक्क्यावर सोडलं. नेहमीप्रमाणे ती होडीत मागे तोंड करून बसली. भिकूदादांनी बांबूने होडी लोटली, मग वल्ही घेतली. खाडी ओलांडायला चौदा मिनिटं लागायची. ही चौदा मिनिटं मी कधी चुकवली नव्हती. मी हात हलवायची, ती हात हलवायची. होडी बोटाएवढी झाली तरी तिचा हात हलताना दिसे. पलीकडे उतरली की ती पायरीवर एक ठिपका होऊन बसे. मी हलत नसे. अंधार पडून तिकडच्या टपरीवर दिवा लागला की मगच वळायची. आठवड्यात मला कुणाशी चार वाक्यं बोलायची वेळ क्वचितच येई. तो हात मला पुढचे पंधरा दिवस पुरायचा. आपण शेवटपर्यंत उभं राहतो, हे तिला दिसतंय, याचं मला समाधान वाटे.

सुनावणी त्याच महिन्याच्या शेवटी झाली. सुहासने वकील दिला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून तो शाळेच्या तपासणीला उभा राहावा तसा उभा होता. न्यायाधीशांनी तक्ता समोर धरला.

"तुम्ही शिक्षक आहात?"

"हो साहेब. गणित."

"मग हा तक्ता तुम्हाला समजेल. या पाच तारखांना खाडीत पाणी होतं की नव्हतं?"

सुहासने तक्ता हातात घेतला नाही. "होतं."

"चिठ्ठ्या कुणी लिहिल्या?"

"मी."

"मुलीला का पाठवलं नाही?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नि पुन्हा समोर. "त्यावर मला काही सांगायचं नाही, साहेब."

"मग मुलीलाच बोलावून विचारावं लागेल."

"नको!" एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिला नका विचारू. अर्जात जे मागितलंय ते सगळं मला मान्य आहे."

पुढची तारीख दहा दिवसांनी पडली. बाहेर आल्यावर देवस्थळींनी माझं जवळजवळ अभिनंदनच केलं. "कबुली आलीय, पण तोंडी आहे. होडीवाल्याचं प्रतिज्ञापत्र जोडून टाकू. या पाच दिवशी होडी चालू होती, एवढंच. मग कुणाचा बाप आला तरी आदेश बदलतो."

व्हरांड्यात सुहास पाण्याच्या पिंपापाशी उभा होता. "शनिवारी मी स्वतः आणून सोडीन तिला," तो म्हणाला. "फक्त एक कर, वृंदा. तिला परत पाठवताना..."

"परत पाठवताना काय?"

ग्लास पालथा घालून त्याने पिंपावर ठेवला. "काही नाही. पाचची गाडी आहे माझी."

दोन दिवसांनी दुपारी मी टाइप केलेला कागद घेऊन धक्क्यावर गेले. ओहोटी होती. होडी चिखलात कलंडली होती आणि भिकूदादा तिच्या फटींत काथ्या ठोकत बसले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. मी पाच तारखा मोठ्याने वाचल्या. त्या दिवशी होडी दोन्ही धक्क्यांना लागली, फेऱ्या नेहमीप्रमाणे झाल्या, असं लिहिलेलं वाचून दाखवलं.

"खरां हाय," ते म्हणाले.

"मग अंगठा द्या इथे."

त्यांनी हात धोतराला पुसले, पण पुढे केले नाहीत. "देतो की. पन ह्या अर्धांच लिवलंय, बाय. उरलेलां बी लिवा."

"उरलेलं काय?"

ते पुन्हा काथ्या ठोकायला लागले. मला वाटलं, सुहासने त्यांना पढवलंय. मी कागदाची घडी करायला लागले.

"पोर येते धक्क्यावर," ते खाली बघत म्हणाले. "येळेवर येते. बापाच्या म्होरं पळत येते. व्हडीत पाय टाकते न् मला इचारते, 'भिकूआजा, आज आई किती येळ उबी ऱ्हाईल?' मी काय सांगनार? नेमीसारकी, म्हनतो. दिवा लागंतवर. कंदी बसते मंग. कंदी पाय काडून घेते."

"पण का? मी तिला..."

"ऐका तर. परत जाताना तुमी हात हलवता. ती बी हलवते. चवदा मिन्टां. हात दुकला की दुसऱ्या हातानं धरून हलवते, मी बगतो ना. म्हटलां, बाय गो, ठेव आता खाली. तर म्हनते, 'आई थांबली नाय अजून. मी आदी थांबले तर तिला काय वाटेल?'"

मी पट्टीकडे पाहिलं. पट्टीच्या बुडाशी चिखल होता. वाचायला काही नव्हतं.

"पल्याड उतरली की तितंच बसते, पायरीवर. तुमचा ठिपका दिसतो तवर उटत नाय. बाप हात धरून ओडतो. घरी जाऊन जेवत नाय त्या राती. मंग एक दिस व्हडीतनं पाय काडला न् बापाला म्हनली, 'बाबा, आईला लिवा पानी नव्हतां. नायतर तिला वाटेल मला यायचांच नाय.'"

"हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"मास्तरांनी शपत घातलेली." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "न् कसां सांगायचां, बाय? एकटां मानूस धक्क्यावर उबां हाय, त्येला जाऊन सांगू, उबी ऱ्हाऊ नको म्हनून?"

मग त्यांनी अंगठा पुढे केला. "आना. कुठं द्यायचा?"

मी कागद त्यांना दिला नाही.

घरी येऊन आठही चिठ्ठ्या केतकीच्या पलंगावर मांडल्या. अकरा महिने मी त्या तारखेनुसार लावत आले होते. आता दोन गट केले. पाणी खरंच नव्हतं ते तीन दिवस एकीकडे, असूनही ती आली नाही ते पाच दिवस दुसरीकडे. पहिल्या तीन चिठ्ठ्यांत दोनच वाक्यं होती. पाणी नव्हतं, केतकी येऊ शकली नाही. 'वाईट वाटून घेऊ नकोस' हे तिसरं वाक्य फक्त त्या पाचांत होतं. एकाही चिठ्ठीत हा फरक चुकला नव्हता. माझ्या तक्त्यात त्या वाक्यासाठी रकानाच नव्हता.

मी धक्क्यावर जाणं सोडलं तर? मी खिडकीतून बाहेर पाहिलं. खाडीच्या मध्यावरून ही खिडकी दिसत असणार. ती मला खिडकीत शोधेल. बसस्टँडवरून पाठवलं तर एस.टी.च्या मागच्या काचेतून शोधेल. आणि रात्र राहून जाईल तेव्हा रिकामा पलंगही बरोबर नेईल. महिन्यातून दोनदा मला एकटीला मागे ठेवून निघून जायचं, हे काम आम्ही सगळ्यांनी मिळून, कोर्टाचा शिक्का मारून, नऊ वर्षांच्या मुलीला दिलं होतं.

दहा दिवसांनी कोर्टाबाहेर मी देवस्थळींना नवा कागद दिला. ते उभ्या उभ्या वाचत होते आणि त्यांचे कान लाल होत होते.

"रात्रीचं राहणं गाळलंत? मेची सुट्टी गाळलीत? अहो, समोरचा सगळं द्यायला तयार आहे!"

"माहीत आहे."

"तुमच्या घरी येणंसुद्धा गाळलंत! मग मागताय काय?"

"ते खाली लिहिलंय."

"जिंकलेला अर्ज कुणी असा बदलतं का, बाई? घरी कुणाला विचारलंत तरी का?"

"घरी कुणी नाही," मी म्हटलं.

आत न्यायाधीशांनीही कागद दोनदा वाचला. "भेट पलीकडच्या गावी, धक्क्यालगत. अर्जदाराने स्वतः जावं आणि स्वतः परत यावं. वेळा परिशिष्टाप्रमाणे. हे परिशिष्ट कसलं?"

"वर्षभराच्या भरती-ओहोटीचं, साहेब. प्रत्येक भेटीच्या दिवशी होडी कधी लागेल आणि कधी निघेल, ते दिलंय."

"म्हणजे मी तिथी पाहून आदेश काढायचा." ते किंचित हसले, मग गंभीर झाले. "तुमचं मागणं पहिल्यापेक्षा कमी झालंय, हे लक्षात आहे ना? दडपण तर नाही कुणाचं?"

"नाही. फक्त होडीत मी बसेन. तिने नको."

सुहास माझ्याकडे बघत होता. आपली शपथ कुणी मोडली ते त्याला कळलं असावं.

"तुमची हरकत?" साहेबांनी त्याला विचारलं.

"हरकत नाही." तो म्हणाला. "पण दोनच रविवार का? पाणी असेल त्या दर रविवारी येऊ दे वृंदाला."

जुन्या आदेशातले 'अर्जदाराच्या निवासस्थानी' हे शब्द वगळण्यात आले. आणखी एका महिन्याने मी सूक्ष्मदर्शक केंद्रात परत केला. पलंग तसाच राहू दिला. पुढे त्यावर वह्या साठल्या.

नव्या आदेशाचा पहिला रविवार मार्चमधला, तिसरा. होडी साडेनऊला निघणार, परत यायचं ते तीनच्या आत. भिकूदादांनी होडी लोटली. पलीकडे धक्क्याच्या वर उंडीचं मोठं झाड होतं, त्याखाली केतकी मैत्रिणींशी खेळता खेळता थांबून उभी होती.

"तू आलीस?" ती म्हणाली. "होडीतून?"

"हो."

"तुला भीती नाही वाटली? मध्ये हलते ना ती."

"थोडी वाटली."

"बस मग सावलीत. मी तुला आमचं गाव दाखवते. तुला आठवतंय का काही?"

तिने मला शाळा दाखवली, विहीर दाखवली, मांजर व्यालेली पडवी लांबून दाखवली. मी डब्यातून घावनं नेली होती. तिची आजी घराच्या दारापर्यंत आली, आत बोलावलं नाही, पण तांब्याभर कोकम सरबत पाठवलं. झाडाखाली बसून केतकीने पाच घावनं खाल्ली आणि सहावं मला खायला लावलं. परत पाठवण्याबद्दल ती एकदाही बोलली नाही. या वेळी तिला पाठवायचंच नव्हतं.

पावणेतीनला मी होडीत बसले, मागे तोंड करून. भिकूदादांनी बांबू रोवला. केतकीने हात वर केला. मी एकदाच हात हलवला आणि खाली घेऊन मांडीवर ठेवला. तो तिथे धरून ठेवायला मला दुसरा हात लागला.

तिचा हात हवेत राहिला. ती बघत होती. होडी दहा हात गेली असेल, तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, "केतके! राज्य तुझ्यावरच आहे अजून, पळपुटे!"

"आले गं!" ती मागे वळून ओरडली. परत माझ्याकडे पाहिलं, हात एकदा फट्कन हलवला, आणि पायऱ्या चढून पळत सुटली. झाडाआड तिचा फ्रॉक दिसला, मग तोही दिसेना. मी घड्याळ पाहिलं नाही, पण मिनिटसुद्धा झालं नसेल.

"गेली पोर," भिकूदादा वल्ही मारत म्हणाले.

"हो."

पलीकडचा धक्का रिकामा होता. तो तसाच रिकामा राहिला. मी उठले आणि होडी सांभाळत दुसऱ्या बाजूला तोंड करून बसले. समोर आमचा धक्का, पट्टी, वर क्वार्टरची खिडकी. तिथे कुणी उभं नव्हतं.

"बाय, पानी किती असंल आता?" भिकूदादांनी विचारलं. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"दीड मीटर," मी म्हटलं. "उतरतंय."